व्हॉल्व्हवाली

माझ्या यजमानांना, शिगेहारूंना, जाऊन अकरा महिने झाले आणि त्यांच्या मित्रांनी आमच्या गाणी ऐकायच्या खोलीचं स्मारक करायचं ठरवलं. मला विचारलं नाही, फोनवर कळवलं.

"वहिनी, तिथली एकही वस्तू हलवू नका. आम्ही पितळी पाटी करून आणतोय," कुवाबारा म्हणाले. हे त्या मित्रमंडळाचे म्होरके. बँकेतून निवृत्त झाले, पण अजून समोरच्याचा अर्ज फेटाळल्यासारखंच बोलतात.

खोली माझ्या घरातली. पण एकतीस वर्षं, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी हे सगळे गाणी ऐकायला जमले की, मी तिच्यात फक्त चहाचा ट्रे घेऊन गेले. मधली खुर्ची शिगेहारूंची, कारण दोन्ही स्पीकरचा आवाज तिथेच नीट जुळतो. गाणं चालू असताना बोलायचं नाही, हा कुवाबारांचा नियम. एकदा मी चहा निवतोय म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे न बघताच ओठांवर बोट ठेवलं.

शिगेहारू नागाओकातल्या कारखान्यात ट्रान्झिस्टरचे अॅम्प्लिफायर बनवायचे. मी लग्नाआधी व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओत पेटायच्या त्या काचेच्या दिव्यांच्या, कारखान्यात होते. केसाहून बारीक तार भिंगाखाली धरून, वेटोळी मोजत गुंडाळायची. एक वेटोळं चुकलं की अख्खा व्हॉल्व्ह फुकट. ट्रान्झिस्टर आला आणि आमचा कारखाना बंद पडला. "ही आमची व्हॉल्व्हवाली," शिगेहारू पाहुण्यांना सांगायचे, "हिचे दिवे आता संग्रहालयात गेले." सगळे हसायचे. मीही हसायचे आणि दर वेळी मला राग यायचा. माणूस चांगला होता, माझा जीव होता त्यांच्यावर. तरी राग यायचा.

पाटीचा फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मी शहरात जाऊन व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरचे सुटे भाग आणले. "यजमानांसाठी का?" दुकानदाराने विचारलं. "ते वारले. असते तर त्यांना हे चाललं नसतं," मी म्हटलं. त्याने सामान बांधलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सात आठवडे तारांना डाख देत बसले. दोनदा बोट भाजलं, एकदा सगळं उलटं जोडलं आणि पुन्हा सोडवलं. शिगेहारूंचा अडतीस किलोंचा अॅम्प्लिफायर मात्र मी घोंगडीवर घालून ओढत नेला आणि पितरांच्या देव्हाऱ्यापुढे, त्यांच्या फोटोसमोर ठेवला. त्यांचं ते त्यांच्यापाशी.

रविवारी दुपारी कुवाबारा आणि दातांचे डॉक्टर ओताके आले, पाटी रेशमी फडक्यात गुंडाळून. खोलीच्या दारातच दोघे थबकले.

"वहिनी, हे दिवे कसले?" कुवाबारा.

"व्हॉल्व्ह आहेत. बसा. तापायला मिनिटभर लागतं."

मी तबकडी लावली. बंदरावरचं जुनं गाणं, संथ, एका बाईच्या आवाजातलं. आम्ही पोरी तार गुंडाळताना ते गुणगुणायचो. त्या खोलीत एकतीस वर्षांत ते कधी वाजलं नव्हतं. तिथे मोठमोठे ढोल वाजायचे, काचा हादरतात का बघायला.

"बारीक घूंऽऽ येतंय," ओताके कुजबुजले.

"येतं थोडं. माझ्या गुडघ्यातूनही येतं."

ते हसले आणि मग खरंच ऐकू लागले. ती बाई श्वास घेताना ऐकू येत होती. माझे डोळे भरून आले, मी पुसले नाहीत.

कुवाबारांना मात्र बसवेना. "पुरे झालं, वहिनी. त्यांचा अॅम्प्लिफायर आणा, जोडू या," म्हणत ते उठले, स्पीकरमागे गेले आणि त्यांनी तारेला हात घातला. गाणं चालूच होतं. ही त्यांची जुनी सवय. दोन यंत्रांची तुलना करताना ते वाजत्या गाण्यातच तारा बदलायचे.

मी जाऊन त्यांचं मनगट धरलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हात लावला.

"सोडा. हे चालू असताना तार काढली तर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. ट्रान्झिस्टरला चालतं, ह्याला नाही."

"शिगेहारूसान तर नेहमी..."

"त्यांचं यंत्र वेगळं होतं. हे माझं आहे. खोलीही माझी आहे."

त्यांनी तार सोडली. ओताकेंनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"आणि पाटी?" कुवाबारांनी हळूच विचारलं.

"आणा इकडे." मी ती घेतली, पलीकडच्या खोलीत जाऊन शिगेहारूंच्या अॅम्प्लिफायरवर ठेवली आणि फोटोला हात जोडले. पाटी छानच दिसत होती तिथे.

परत आले तोवर गाणं संपलं होतं. कुवाबारा उभेच होते. "म्हणजे आता दुसऱ्या रविवारी आम्ही यायचं नाही?"

"या की. फक्त चहा पाळीपाळीने करायचा. आज तुमची पाळी."

ते ओताकेंकडे वळले. ओताके म्हणाले, "मला जरा कडक आवडतो."

कुवाबारा स्वयंपाकघरात गेले. मी तबकडी उलटवली आणि मधल्या खुर्चीत बसले. ती मला मोठी होते, पाय जमिनीला टेकत नाहीत. गाणं सुरू झालं आणि गाणारी ती बाई जणू नेमकी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"वहिनी, चहाचा डबा कुठेय?" आतून आवाज आला.

मी ओठांवर बोट ठेवलं.