भिजत घातलेला साचा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी साचा आहे. गुढीपाडव्याला गुढीवर आणि लहान मुलांच्या गळ्यात साखरेची माळ घालतात ना, ती गाठी माझ्या पोटातून निघते. खरं तर अशा कहाणीची सुरुवात आपल्या गुणांनी करायची असते. पण मी खोटं बोलून काय मिळवणार? मला कढईचा हेवा वाटतो. गेली चाळीस वर्षं वाटतो आहे, आणि तो जरा कमी झाला असं म्हणावं तर ती लगेच काहीतरी करून दाखवते.

माझा जन्म साताऱ्याकडचा. चांगल्या सागवानाच्या दोन फळ्या घेऊन एका सुताराने त्यांत समोरासमोर घरं कोरली. मधोमध एक मोठं गोल पदक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच फुलं. प्रत्येक फुलाला पाच पाकळ्या. फक्त डावीकडच्या तिसऱ्या फुलाला चारच. तिथे लाकडात गाठ होती आणि पटाशी काही केल्या शिरेना. सुतार म्हणाला, "गाठीच्या साच्यात एक गाठ ऱ्हायली, तर बिघडलं काय?" तो हसला आणि मोकळा झाला. मी मात्र जन्मभराचा चार पाकळ्यांचा झालो.

मला घेऊन मिठाईवाले हौसेराव आणि त्यांची बायको वेणूबाई दिघ्याला आले. कंपन्यांतून सुटणारे कामगार, दाटीवाटीची घरं आणि त्यांत आमचं एवढंसं मिठाईचं दुकान. कंदी पेढे, बत्तासे, रेवड्या, गोडी शेव, राजगिऱ्याचे लाडू. आणि या सगळ्यांच्या मध्ये, भट्टीवर, महाराणीसारखी बसलेली ती. पितळेची कढई.

मी माणसांच्या नजरा मोजतो. ही माझी खोड आहे. माझ्या मोजणीप्रमाणे कढईकडे दिवसाला दोनशे माणसं बघायची, माझ्याकडे वर्षाला जेमतेम तीन आठवडे. होळी जवळ आली की मला फळीवरून खाली काढायचे, पाडवा झाला की पुन्हा फळीवर. ती रोज तापायची, रोज घासली जायची, वर्षाला कलई करून घ्यायची. मला वर्षभर झुरळं भेटायला यायची, तीही घाईत असायची.

आणि ती खरवड! गोडी शेवेचा गूळ संपला की कढईच्या तळाला तांबूस, कुरकुरीत थर उरायचा. हौसेराव उलथन्याने तो खरवडून कागदावर काढायचे. दुपारी शाळा सुटली की पोरांची रांग लागायची. "काका, मला तळाची! काका, त्याला मोठी दिली!" कोणी चाटायचं, कोणी गालात धरून घरापर्यंत न्यायचं. एकाने तर कागदही चघळला होता. कढई तेव्हा अशी चमकायची, जशी काही रांग तिच्या रूपासाठीच लागली आहे.

माझी गाठी मात्र आधी देवाची. गुढीवर टांगायची, संध्याकाळी गुढी उतरेपर्यंत हात लावायचा नाही. पोरं लांबून बघत बसायची, आणि मग खायला मिळालं की ओरडायची, "तुटकं फूल माझं! तुटकं फूल माझं!" मला वाटायचं, माझ्या खोडीवर हसतात. मी फळीवर बसून कढईकडे बघायचो आणि जळायचो.

मग हौसेरावांचा उजवा हात थरथरायला लागला. त्या हाताने पाक ओतणं जमेना. दुकान बंद झालं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. हौसेराव आणि वेणूबाई मुलाकडे, धनाजीकडे, खारघरला राहायला आले. चौदावा मजला. येताना वेणूबाईंनी दोनच वस्तू आणल्या, कढई आणि मी.

आता तरी आम्ही एका पायरीवर आलो असू, असं मला वाटलं होतं. कसलं काय! सूनबाई तेजश्रीने कढई चिंचेने घासली, पाणी भरून त्यात शेवंतीची फुलं सोडली आणि हॉलमध्ये अगदी दारासमोर ठेवली. येणारा प्रत्येक जण चप्पल काढायच्या आधी म्हणायचा, "वॉव, काय मस्त आहे!" मी बाल्कनीतल्या कपाटात, जुन्या धोतरात गुंडाळलेला. फटीतून सगळं ऐकू यायचं, तेच वाईट.

या वर्षी पाडव्याच्या दोन दिवस आधी मात्र माझं नशीब फिरलं. तेजश्रीने मला बाहेर काढलं, फडक्याने पुसलं आणि मोबाइलच्या उजेडात उलटसुलट बघितलं.

"अहो, केवढं सुंदर कार्व्हिंग आहे हे! याला पॉलिश करून सोफ्याच्या वर लावूया. पाडव्याला सगळे येणार आहेत."

मित्रांनो, माझ्या फळ्या फुलल्या! सोफ्याच्या वर! म्हणजे कढईच्याही वर!

पॉलिशवाला आला. त्याचं नाव गोटीराम, चाळिशीच्या आसपासचा, बोटांवर लाखेचे डाग. त्याने माझ्यावरून अंगठा फिरवला. "मॅडम, इथं एक पाकळी कमी हाय. ही भरता येत नाय, खोदावी लागंल. नायतर एक काम करतो, सगळी घरंच लांबीनं, म्हंजे पुट्टीनं, भरून सपाट करतो आणि वरून फुलं रंगवतो. एकदम चकाचक. उद्या अकराला येतो."

"चालेल," तेजश्री म्हणाली.

चालेल काय, धावेल! सपाट तर सपाट. चमकणार होतो ना मी.

तेव्हा वेणूबाई म्हणाल्या, "तेजू, पोरीचा पैला पाडवा हाय. साच्यातली गाठी घालायची तिच्या गळ्यात. सासऱ्यांनी तुझ्या डोहाळजेवणाला कबूल केलंया."

"आई, गाठी ऑनलाइन मागवलीय ना. ड्रायफ्रूटवाली. आणि बाबांचा हात... उगाच भाजलं-बिजलं म्हणजे?"

हौसेराव खिडकीत बसले होते. त्यांनी उजवा हात उचलून डाव्या हाताखाली ठेवला. मी ते बघितलं, पण खरं सांगतो, मला त्यांचं वाईट वाटलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर सोफा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजश्री छोट्या मितालीला अंघोळ घालत होती. वेणूबाई आल्या, मला कपाटातून उचललं आणि थेट बाल्कनीतल्या पाण्याच्या बादलीत बुडवलं. वर वरवंटा ठेवला.

आता तुम्हांला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. कोरड्या साच्यात पाक ओतला तर साखर लाकडाला धरून बसते, मग फोडली तरी सुटत नाही. म्हणून साचा आधी तासन्‌तास भिजत घालायचा. पाणी प्यालेलं लाकूड साखरेला सोडून देतं. मी चाळीस वर्षं भिजलो आहे, पण त्या दिवशी मला बुडवल्यासारखं वाटलं. बुडबुडे सोडत मी मनात म्हटलं, म्हातारे, दावा साधलास!

अकराला गोटीराम आला. मला बादलीतून काढलं तर माझ्यातून पाण्याच्या धारा.

"मॅडम, हा तर गच्च ओला हाय. असल्या लाकडावर पॉलिश मारलं तर पांढरं पडेल. आठ दिस सुकवा, मग बोलवा."

"आठ दिवस? उद्या पाडवा आहे! आई, तुम्ही मुद्दाम केलंत ना?"

"मुद्दाम न्हाई तर काय? साचा काय आपल्या पायांनी बादलीत गेला?" वेणूबाई म्हणाल्या. "भिजलाच हाय, तर आता गाठी करून घेऊ. सुकला की बसव तुला कुठं बसवायचा तिथं."

तेजश्रीने कपाळावर हात मारला. पण तिला हसू आवरलं नाही.

गोटीराम डबे उचलत होता, तेवढ्यात त्याची नजर खिडकीकडे गेली. "काका... तुमी दिघ्याचे पेढेवाले ना? आयला! खरवडवाले काका! ओळखलं का मला? तो कागद खाल्लेला, तो मीच!"

हौसेरावांचा चेहरा उजळला. "लेका, कागदाबिगर सोडत नव्हतास तू!"

बघा! पॉलिश माझं करायला आलेला माणूस, आणि त्याला आठवली कोण? तीच. हॉलमध्ये फुलं मिरवत बसलेली. मी ओला होतो म्हणून, नाहीतर तिथेच पेटलो असतो.

"बस की," हौसेराव म्हणाले. "मला हात द्यायला कुणीतरी लागंलच."

वेणूबाईंनी कढईतली शेवंती काढून ताटात ठेवली, कढई विसळून गॅसवर चढवली. साखर, पाणी, वरून थोडं दूध. मळी वर आली तशी त्यांनी ती झाऱ्याने काढून टाकली. हौसेराव स्टुलावर बसून नुसते बुडबुडे बघत होते. "अजून... अजून... आता बास." गोटीरामने माझ्या घरांमधून दोरा ओढून घेतला, दोन्ही फळ्या मिटल्या आणि सुतळीने करकचून बांधल्या. हौसेरावांनी थरथरता हात पळीवर ठेवला. गोटीरामने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

दोघांनी मिळून पाक ओतला. तो गरम गोडवा माझ्या घराघरांतून उतरत गेला. मित्रांनो, सोफ्याच्या वर हे कुठून मिळालं असतं? सपाट करून टाकलेल्या पोटात साखर कुठे राहिली असती? हे मला तेव्हा सुचलं. मी तसा उशिराच शहाणा होतो.

थोड्या वेळाने वेणूबाईंनी सुतळी सोडली आणि मला दोन टिचक्या मारल्या. मी गाठी अलगद सोडून दिली. पांढरीशुभ्र, मधलं पदक आणि दहाच्या दहा फुलं दोऱ्याला धरून.

गोटीराम वाकला. त्याने डावीकडचं तिसरं फूल बोटावर घेतलं आणि डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिला.

"काय झालं हो?" तेजश्रीने विचारलं.

"हे तुटकं फूल," तो म्हणाला. "मॅडम, आमी यासाठी मारामाऱ्या करायचो. चाळीत ज्याला हे मिळेल तो दिवसभर राजा. सगळ्यांनी त्याचं ऐकायचं. मी तीनदा राजा होतो. तीनदा! आणि काल मीच सांगत होतो, लांबी भरून सपाट करतो म्हणून."

मित्रांनो, चाळीस वर्षं मी समजत होतो की पोरं मला हसतात. सगळ्या नजरा मोजल्या मी. ही एकच मोजायची राहिली होती.

पहिली गाठी गुढीसाठी ठेवली. दुसरी मितालीच्या गळ्यात गेली. "शुगर नको हं, आई, डॉक्टरांनी सांगितलंय," असं तेजश्री म्हणेपर्यंत मितालीने एक फूल तोंडाला लावलंसुद्धा. कुठलं, ते सांगायला नको. हौसेरावांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आज ही राजा," ते म्हणाले. कढईच्या तळाला साखरेचा थर उरला होता, तो गोटीरामने कागदावर काढून घेतला. या वेळी कागद परत दिला.

तेजश्रीने मला सावलीत सुकवलं आणि त्याच धोतरात गुंडाळलं. वर चिठ्ठी लावली: 'होळीच्या आधी भिजत घालणे. पॉलिश करू नये.' सोफ्याच्या वरची भिंत अजून रिकामी आहे. कढईत पुन्हा शेवंती आली आहे आणि लोक पुन्हा वॉव म्हणतात. म्हणू देत.

मित्रांनो, तुमच्या घरात अशी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला चमकवायच्या आधी एकदा काम सांगून बघा. तिच्यात एखादी खोड असेल तर ती भरायची घाई करू नका. कोण जाणे, कोणीतरी त्या खोडीसाठी मारामारी केली असेल.

मितालीची गाठी चार दिवसांत संपली. उरलेला दोरा वेणूबाईंनी तिच्या पाळण्याला बांधला. ती आता दिवसभर तो मुठीत धरून झोपते.

कढईचं माझ्या मनात आता फारसं काही राहिलेलं नाही. सध्या मला त्या दोऱ्याचा हेवा वाटतो.