टोळीत बसवलेला शिंपी

इमारतीत त्यांना सगळे फोटोवाल्या काकू म्हणत. तीस वर्षं त्यांनी लग्नाच्या फोटोंतले तीळ पुसले होते, रुसून न आलेले मामा पहिल्या रांगेत बसवले होते. आपल्याला कुठला फोटो फसवणार, असा त्यांचा तोरा होता.

त्या सकाळी मोबाइलवर एक फोटो आला. मुलं पळवणारी टोळी टेबलाभोवती बसलेली आणि मधोमध खालच्या दुकानातला शिंपी. खाली लिहिलेलं, ‘आपली मुलं सांभाळा.’ त्याच्याकडे फ्रॉकचं माप द्यायला जाणारी नात काकूंना आठवली. त्यांनी तो लगेच अकरा जणांना पाठवूनही दिला. शिंप्याला दुकान खाली करायला लावायचं, असा ठराव करायला सहाला बैठक ठरली.

दुपारी त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. टोळीच्या खोलीत एकच खिडकी होती, पण शिंप्याच्या डोळ्यांत प्रकाशाचे दोन ठिपके. हे तर काकूंच्या स्टुडिओतले दोन दिवे. परवान्यासाठी त्यांनीच काढलेला चेहरा होता तो, आणि परवाना दुकानात भिंतीवरच टांगलेला. कुणीही त्यावरून तो चेहरा उचलावा.

काकूंना स्वतःची लाज वाटली, पण त्याहून जास्त नवल वाटलं. जन्मभर ठिगळं लावणाऱ्या बाईला हे ठिगळ दिसू नये? नात आठवली आणि डोळ्यांना झापडं लागली. बरं, खोटं कळल्यावरही शिंप्याची भीती पुरती जात नव्हती, ती का?

ठिपके पाहूनही सून म्हणाली, “आई, आगीशिवाय धूर निघतो का?”

“निघतो की. लग्नाच्या स्टेजवर यंत्रातून काढतात.”

बैठकीत शिंपी गळ्यात टेप घेऊन दाराशी उभा होता. काकूंनी आधी आपली चूक कबूल केली, दोन ठिपके दाखवले. माना हलल्या, पण चेहरे सैल झाले नाहीत. मग त्यांनी दुसरा फोटो फिरवला. तीच टोळी, तेच टेबल. शिंप्याच्या जागी इमारतीचे सचिव. एकच हशा पिकला. सचिवही पोट धरून हसले.

“अर्ध्या तासापूर्वी मीच बसवलंय यांना,” काकू म्हणाल्या.

हशा ओसरला. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई जरा चाचरत म्हणाल्या, “ते ठीक आहे हो. पण सचिवसाहेब, तुम्ही तिथे कधी गेला होतात का?”

सचिवांनी एकेकाकडे पाहिलं. या वेळी कुणी हसलं नाही. त्यांनी ठरावाचा कागद फाडला आणि ते दाराशी, शिंप्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले.