शेजारणीची खाट

माझ्या सुनेचं वागणं ऐका. मोम्बासात येऊन तिला तीन महिने झाले, आणि सासूला रात्रीपुरती पाठ टेकायला एक शेजारीण तिला जोडता आली नाही.

मुलाच्या छपराखाली आई रात्र काढत नाही, हे आम्हा लुओ माणसांत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सासू येणार म्हटलं की सुनेने आधी शेजारी खाट सांगून ठेवायची, मग कोंबडी पातेल्यात टाकायची. आणि ही अदोयो, उयोमासारख्या जाणत्या गावची लेक, मी बसमधून अंग मोडून आलेली, तर मला हाताला धरून आतल्या खोलीत नेते आणि नवीकोरी गादी दाखवते! वर फुलाफुलांची चादर.

"आई, शहरात आता सगळे असंच करतात."

"सगळे विहिरीत उडी मारतील. मी मारू?"

ती गादीवरून उगाच हात फिरवत राहिली.

तशी मी गादीवर लोळायला आलेच नव्हते. नातीला न्यायला आले होते. अदोयोनेच फोनवर रडत सांगितलं होतं, "आवूरला घेऊन जा, आई. मला इथे एकटीला नाही जमत." माझा मुलगा ओडुओर बंदरात क्रेन चालवतो, अंधार पडल्याशिवाय घरी येत नाही. मागे वर्षाची पोर आणि ही, दोघी तिसऱ्या मजल्यावर दार लावून बसलेल्या. खोटं कशाला बोलू, फोन ठेवला तेव्हा मला आनंदच झाला. पाच पोरं वाढवलेलं माझं घर, आता त्यात भिंतींशी बोलायची पाळी आलीय. निघताना आळीत सांगून आले होते, लाल गाईचं दूध आजपासून विकायचं नाही, माझी नात येतेय.

पोर मात्र सुकली होती. मानेवर, कपाळावर घामोळ्यांची नुसती रांगोळी. डोक्यावर मी विणलेली लोकरीची टोपी. "काढू नकोस हं, समुद्राचा वारा कानात शिरतो," असं ती गावाहून निघताना मीच बजावलं होतं. समुद्र मी जन्मात पाहिला नव्हता, पण वारा मला माहीत होता.

उन्हं कलली तशी मी कमरेला गुंडाळायचा लेसो झटकला आणि नातीला पाठीशी बांधलं.

"चल."

"कुठे?"

"माझी खाट शोधायला. का पायरीवर झोपू?"

"माझ्या ओळखीचं कुणी नाही हो इथे, आई."

"ओळख काय झाडाला लागते? चल म्हणते ना!"

तळमजल्याच्या दारात एक दांडगी बाई खवणीवर बसून नारळ खवत होती. इथल्याच किनाऱ्यावरच्या गिरियामा लोकांतली बाई, सकाळी तिथेच न्याहारी विकते. मी 'होदी' म्हणून हाक घातली. दुसऱ्याच्या दारात गेलं की तेवढं म्हणायचं असतं, पुढचं दारातलं माणूस बघतं. माझं स्वाहिली मोडकंतोडकं, पण मागणं सरळ होतं.

"मुलाचं घर वर असताना माझ्याकडे खाट?" बाईने खवणी थांबवली. "सुनेने हाकललं वाटतं, आजी?"

"मला हाकलणारी अजून जन्माला यायचीय." मग मी तिला आमची रीत सांगितली. ती ऐकून मान डोलावत राहिली.

"रीत ती रीत. आमच्या काय कमी आहेत? माझी खाट घ्या. मी आणि माझी लेक कादझो चटईवर झोपू. पण सून कुठली तुमची?"

मी मागे बोट केलं. अदोयो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. धड वर नाही, धड खाली नाही.

"अगो बाई, हे तर आमचं कुलूप!" बाई मांडीवर थाप मारून हसली. "आम्ही हिला कुलूपच म्हणतो. आल्या आल्या मी हिला सांगितलं, पोरीची टोपी काढ, मोम्बासात डोकं शिजेल तिचं. हिने काढली नाही. आम्ही चारजणी हसलो, तर बाईसाहेबांनी त्या दिवसापासून दार लावलं ते लावलंच. आणि अजून आहेच डोक्यावर! कुठल्या गाढवाने दिली गं ही टोपी?"

अदोयोने माझ्याकडे पाहिलं. एक बोट माझ्याकडे दाखवलं असतं की तिचं तीन महिन्यांचं उट्टं निघालं असतं.

"मीच घेतली," ती म्हणाली. "बाजारातून."

सत्तर वर्षांत माझ्याबद्दल खोटं बोलणारे पुष्कळ भेटले. माझ्यासाठी बोललेली ही पहिली.

मी नातीला पाठीवरून उतरवलं आणि माझ्या हातांनी टोपी ओढून काढली. आतलं डोकं भाकरीसारखं गरम. बाईने ओल्या फडक्याने ते पुसलं, पोरीला मांडीवर घेतलं आणि नारळाच्या दुधात शिजवलेली तूर बोटाने कुस्करून तिच्या तोंडाला लावली. वर पेजेला तोंड फिरवणारी पोर इथे पिल्लासारखा आ करून बसली.

"नाव काय हिचं?"

"आवूर," अदोयो पायरी उतरून आली.

"मग तू आवूरची आई. ये, आवूरच्या आई, बस. हा अर्धा नारळ तू खव."

गाव सोडल्यापासून तिला या नावाने कुणी हाक मारली नव्हती. ती खवणीवर बसली, पाच वेळा नाक ओढलं आणि नारळ इतका वाकडा खवला की बाईला पुन्हा हसू आलं. या खेपेला अदोयोही हसली.

दिवेलागणीला बाई माझ्यासाठी खाट झाडत होती. पोर तिच्या कादझोच्या वेण्या ओढत होती. अदोयो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, आवूरचे कपडे बांधून ठेवू ना? बस परवाची आहे."

लाल गाय माझ्या डोळ्यांसमोरून गेली. जाऊ दिली.

"कपडे राहू देत," मी म्हटलं. "पोर आईजवळच राहील. बसचं मी बघते, आणखी आठ दिवस मी इथेच आहे. रोज वेगळ्या घरी झोपणार. उद्या दुसरा मजला, परवा समोरची. खाट तू मागायचीस, पोरीला पाठीशी बांधून, दारोदार. नाही मिळाली तर पायरीवर बसून साऱ्या चाळीला ओरडून सांगेन, उयोमाच्या लेकीने सासूला उघड्यावर ठेवलं. आणि ते टोपीचं गाढव कोण, हे त्या बाईला मी सांगेन. तू मध्ये तोंड घालायचं नाहीस. सून म्हणून तू वाईट नाहीस, अदोयो. गादी मात्र फुकट गेली तुझी."