तुलनेला तीन नावं

सृष्टीत प्रत्येक जीवाला आपली हक्काची जागा असते. किनारा खात्यात ती तुलना तक्त्यात असते, आणि साहेबांच्या सहीशिवाय तिला कुणी विचारत नाही.

रोपवाटिकेच्या मुकादमाला कालपासून घास गिळवत नव्हता. वाळू उडू नये म्हणून अकरा वर्षं त्यानं किनाऱ्यावर एकच झुडूप लावलं होतं. ते इतकं माजलं, की मोकळ्या वाळूत अंडी घालणाऱ्या एका दुर्मिळ पक्ष्याला बूड टेकायला जागा उरली नाही. पक्षी उरले होते चौदा, आणि ते मोजणारी त्याची सख्खी थोरली बहीण. आता किनाऱ्याचा तो पट्टा कुणाला द्यायचा हे आज ठरणार होतं. पक्ष्याला दिला तर रोपवाटिकेला कुलूप. झुडपाला दिला तर ताईचे चौदाही गेले.

सकाळीच तिचा फोन आला. "तुझं झुडूप कुणाच्याही कुंपणाला फुकट मिळतं रे. माझे चौदा गेले की गेले!"

"ताई, तुझे चौदा माझ्या घरची चूल पेटवणार आहेत का?"

"लहानपणापासून तू असाच. वाद घालूनच पोट भरायचं तुझं."

पावणेबाराला तो तक्ता घेऊन हेडक्लार्कपुढे उभा राहिला. उपयोग, देखभाल, टिकाऊपणा, तक्रारी, सगळं भरलेलं. पक्ष्याच्या टिकाऊपणापुढे त्यानं प्रामाणिकपणे 'शंकास्पद' लिहिलं होतं.

"दोनच?" हेडक्लार्कनं चष्मा कपाळावर चढवला. "खुर्च्या असोत नाहीतर पक्षी, तुलनेला तीन नावं लागतात. दोनावर फाईल परत येते."

"आता तिसरं कुठून आणू?"

"अहो, ते नुसतं हरायला असतं. लिहा काहीही. साहेब बाराला निघतात."

घड्याळात बाराला पाच कमी. मुकादमाला काही सुचेना. समोर भिंत होती, म्हणून त्यानं लिहिलं: सिमेंटची भिंत. देखभाल, नाही. टिकाऊपणा, पन्नास वर्षं. तक्रारी, नाहीत.

साहेबांनी उभ्या उभ्याच शेरा मारला आणि निघाले.

संध्याकाळी फोन वाजला. "बोल ना रे," ताईनं विचारलं, "तुझं की माझं?"

सोमवारी झुडपं काढून वाळू सपाट केली आणि भिंतीचा पाया खणायला सुरुवात झाली.