नापीक लिहिलेलं शेत

माझं अक्षर चांगलं, तिथेच सगळी गोची झाली. आमच्या खाडीकाठच्या गावात सातवी शिकून आलेली सून मी एकटीच. अंगावरची हळद निघाली नव्हती तोवर लोक कागद घेऊन दारात उभे. शाळेचा दाखला असो की विजेची तक्रार, "जिजे, जरा लिवून दे गो." मलाही त्याचा तोरा होता. लिहायचे आणि वर दोन वाक्यं पदरची घालायचे. साध्या तक्रारीकडे सरकार बघतं कुठे?

यंदा शहराचा नवा आराखडा निघाला. आमची खारातली शेतं इतकी वर्षं नकाशात हिरवी होती, म्हणजे तिथे इमारत बांधायला बंदी. आता तिथे पिवळा रंग मारलेला. पिवळा म्हणजे वस्ती, म्हणजे टॉवर. गावाची सगळी मिळून सत्तर एकर, त्यात माझं दीड एकर. मी तो नकाशा बघितला आणि दोन दिवस घरात कोणाशी धड बोलले नाही. सुनेने, संजनाने, चहा पुढे केला तरी मी तिच्यावरच डाफरले. तिचा बिचारीचा काय दोष?

हरकती लिहायला मदत केली विनयाताईंनी. त्या चंदनसारला सोसायटीत राहतात, बँकेतून रिटायर झाल्यात. भाताचं रोप आणि गवत यातला फरक कळत नाही, पण कायद्याची कलमं तोंडपाठ. त्यांच्या पार्किंगमध्ये दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी भरतं. "तुमची शेतं भरून टाकली ना, तर ते कमरेपर्यंत येईल हो," म्हणाल्या. बाई स्वार्थापोटी आली होती आणि तसं सरळ सांगत होती, म्हणून मला आवडली.

एकदा त्यांना शेत दाखवायला नेलं. खाडी आणि शेत यांच्या मध्ये मातीचा बांध आहे. तो आहे म्हणून आत भात, नाहीतर सगळं खारं पाणी. विनयाताईंनी विचारलं, "हा बांधला कोणी?" मला हसूच आलं. बांधला आम्ही, आणि दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा बांधला. अलीकडे मोठं भगदाड पडलं नाही, म्हणून अजून उभा आहे.

काय दिवस होते ते! मोठ्या उधाणाला बांध फुटला की कोणीतरी पत्र्याचा डबा बडवायचं. मग हातातलं काम टाकून प्रत्येक घरातून एक माणूस निघायचा. पुरुष खाडीतली चिकण माती कापायचे आणि आम्ही बायका ती ढेकळं हातोहात पुढे द्यायचो. भगदाडात कमरेएवढ्या पाण्यात माझे थोरले दीर, हरेश्वर भावजी. ते अशा शिव्या घालायचे की नव्या सुनांना हसू आवरायचं नाही. भरती चढायच्या आत भगदाड बुजवायचं, उशीर झाला तर वर्ष गेलं. काम झालं की तिथेच चिखलाच्या हातांनी आमच्याच लाल तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. त्या लाल भाताची चव आता दुकानातल्या कुठल्या तांदळाला येते? मला आठवलं की अजून रडू येतं. आलं तर येऊ दे, लाज कसली त्यात.

सुनावणीला आम्हाला मितेशने नेलं. मितेश माझा मुलगा, सातिवलीच्या गोदामांचा माल टेम्पोतून पोचवतो. त्याने स्वतः हरकत दिली नव्हती. "आई, आज ना उद्या होणारच आहे गं," एवढंच म्हणायचा. पुढे मी आणि भावजी, मागे हौद्यात खुर्ची टाकून विनयाताई. भावजींना आता चौऱ्याऐंशी चालू आहे, ऐकू कमी येतं, पण सुनावणी म्हटल्यावर धुवट सदरा घालून तासभर आधी तयार.

साहेब तरुण होते आणि बोलायला गोड. असल्या माणसाशी भांडता येत नाही, त्याचाच मला जास्त राग येतो. विनयाताईंनी कलमं सांगितली, पुराचं सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि फाईलमधून एक पिवळा पडलेला कागद काढला.

"हा अर्ज तुमच्याच गावाचा ना? बारा वर्षांपूर्वीचा. 'सदर जमीन पूर्णपणे खारावून नापीक झाली असून त्यात एक दाणाही पिकत नाही.' एक्केचाळीस सह्या आहेत. नापीक जमीन हिरवी कशाला ठेवायची, आजी?"

अक्षर माझं होतं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जिथल्या तिथे.

त्या वर्षी पावसाआधीच बांध मोठा फुटला होता. सरकारने एकदा दगडी बांध घालून द्यावा म्हणून भावजींनी अर्ज लिहायला सांगितला, आणि मी आपलं पदरचं घातलं. कोणी आलं नाही. बांध आम्हीच तीन दिवसांत उभा केला आणि दिवाळीपर्यंत माझ्या घरात चौदा गोणी भात आला.

"ते खोटं आहे," मी म्हटलं. "मीच लिहिलंय. शेत तेव्हाही पिकत होतं, आताही पिकतं. घाला मला तुरुंगात."

विनयाताईंनी कपाळाला हात लावला. साहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, "तुरुंगात कोणी घालत नाही. पण बांधाच्या दुरुस्तीचं प्रकरण याच अर्जावर अजून मंजुरीसाठी पडून आहे. अर्ज खोटा म्हणालात तर तेही बंद होईल. मग बांध राखणार कोण? बांध नाही राखला, तर दोन वर्षांत तुमचं लिहिलेलं खरं होईल."

"आम्ही राखू! आजवर काय तुमच्या बापाने राखला?" तोंडातून गेलंच.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "नावं सांगा. नोंद करून घेतो."

क्लार्कने पेन उघडलं आणि मी भराभरा सांगू लागले. गल्लीतल्या घरांच्या क्रमाने, उभं राहायचो तसं. "दामोदर. मोरेश्वर. चांगुणा. हिराबाई. हे आमचे हरेश्वर भावजी. आणि आमच्या घरातून जगन्नाथ."

उखाण्याशिवाय ज्यांचं नाव मी जन्मात घेतलं नव्हतं, ते सरकारी ऑफिसात घेतलं. भावजींनी कान पुढे केला होता. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"जिजे," ते हळूच म्हणाले, "जगन्नाथ कुठं हाय गो आता?"

सात वर्षं झाली ह्यांना जाऊन. दामोदर गेला, मोरेश्वर गेला, हिराबाई करोनात गेली. चांगुणा तुळिंजला लेकाकडे खाटेला खिळून आहे. सहा नावं सांगितली, त्यातला जागेवर एकच माणूस, आणि त्याला उठून उभं राहायला माझा खांदा लागतो.

"जगन्नाथ आज आले नाहीत का? मग त्यांच्या जागी कोणाचं लिहू?" क्लार्कने विचारलं. त्याला बिचाऱ्याला काही कळलं नव्हतं.

"माझं लिहा. जिजा."

"वय?"

"चौसष्ट."

मला वाटलं, संपलं. आता तो कागद फाईलमध्ये जाणार आणि शेतात खांब उभे राहणार.

"माझं लिहा," मागून आवाज आला. मितेश दारापाशी टेम्पोची किल्ली हातात घेऊन उभा होता. "मितेश जगन्नाथ."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ह्या पोराला मीच कधी बांधावर येऊ दिलं नव्हतं. डबा वाजला की तोही धावायचा आणि मी दटावून घरी पाठवायचे. "चिखलात पाय घातलास तर तंगडं मोडीन, जा, अभ्यास कर." माझ्यासारख्याच सगळ्या आयांनी तेच केलं, आणि मोठ्या कौतुकाने केलं.

साहेबांनी त्याला खालून वर न्याहाळलं. इस्त्रीचा शर्ट, पांढरे बूट. "बांध कसा घालतात, माहीत आहे?"

मितेशने मान हलवली. नाही.

"मग?"

"आईला येतो," तो म्हणाला. "अजून आहे ती. शिकवेल."