सात खिळ्यांची नाल

मित्रांनो, मी एक म्हातारी पांढरी घोडी आहे. नाव चांदणी. नागपूरच्या इतवारीतल्या कितीतरी नवरदेवांना मी मांडवाच्या दारी पोचवले. बँड वाजला की मी नाचायची, लोक माझी दृष्ट काढायचे. मग एका वरातीत माझ्या पोटाखाली फटाक्यांची माळ फुटली. मी उधळले, पडले आणि पुढचा खूर चिरला. मालकाने मला रामटेकच्या वाटेवर सोडून दिले.

नागपूरच्या बाबाराव कीर्तनकारांनी मला आपल्या गोठ्यात आणले. तिथे मूमल भेटली. बारा वर्षांची, पाकिस्तानातल्या सिंधमधून आईबरोबर आलेली. तिकडे काही माणसांनी घण घालून त्यांच्या घराचे दार फोडले होते. तेव्हापासून कुठे ठोकल्याचा आवाज आला की ती कोपऱ्यात शिरे. आई शेजारी पापड लाटत असे, आणि मूमल माझ्याजवळ बसून आपल्या भाषेत हळूहळू बोले. माझ्या मानेला हात लावू देत असे मी फक्त तिला.

एक दिवस नालबंद धर्मेंद्र आला. "महाराज, नाल ठोकल्याबिगर भागत नाही. चीर वर चढली तर घोडी बसली म्हणून समजा."

त्याने हातोडी उचलली. मी मागच्या पायांवर उभी राहिले. मूमल कडब्यात लपली.

"वरातीत नाचत होती, अन् इथं नखरे करून राहिली!" धर्मेंद्र चिडला.

"थांब गा. देवाच्या नावाले कोण भेते?" म्हणत बाबारावांनी मृदंग आणला. पहिलीच थाप पडली, मी दावे तोडले आणि मूमल अंगणापार!

"घ्या महाराज, श्रोतेच पळाले!"

बाबारावही हसले. मग पोरीला हाक मारून परत बोलावले. मृदंग ठेवून त्यांनी मूमलच्या हातात टाळ दिले. "आता मी नाही वाजवत पोरी. तूच वाजव. तुले सोसते तेवढंच."

पहिल्या दिवशी एकच ठोका. तिने माझी मान थोपटली आणि थांबली. काही दिवस तर एकही ठोका न देता ती टाळ खाली ठेवी. तरी दुसऱ्या दिवशी ती येईच. पुढे तिने दगडावर हातोडीही मारून पाहिली.

महिन्याने धर्मेंद्र परत आला, तेव्हा तीच त्याला म्हणाली, "काका, आज ठोका. मी हिले सोडत नाही."

तिने कपाळ माझ्या कपाळाला टेकले. "हिकु," ती सिंधीत मोजू लागली. पहिला खिळा. "ब." "टे." तिची नखे मानेत रुतली. मला पळता आले असते. पण ती उभी होती, म्हणून मीही उभी राहिले. "चारि… पंज… छह… सत!"

"झालं वं पोरी! सोड आता तिले," धर्मेंद्र म्हणाला. तिने सोडले नाही.

मित्रांनो, वरातीत घोडीच्या पायाशी फटाके लावू नका. आणि भ्यालेले लेकरू दिसले, तर त्याला हसू नका. जवळ बसा, त्याच्या एका ठोक्याची वाट पाहा. आता बाबारावांच्या कीर्तनात टाळ मूमल धरते. मी खांबापाशी उभी असते, आणि माझा नाल ठोकलेला पाय बरोबर तिच्या तालावर पडतो.