म्हणे, मोटर मंदावली

मी एक जुनी मोटर आहे. मित्रांनो, मोटर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर रस्त्यावरची चारचाकी आली असेल, तर तिला जरा बाजूला उभी करा. मी तुमच्या मुठीत मावेन एवढीच आहे. रिमोटवर पळणाऱ्या शर्यतीच्या गाडीच्या पोटात माझा मुक्काम असतो.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याचा गोल डबा, आत दोन चुंबकं आणि मधल्या गाभ्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. आम्हा मोटरींमध्ये एक गंमत असते. जिच्या तारेचे वेढे कमी, ती जास्त पळते आणि लवकर तापते. वेढे जास्त असले की वेग बेताचा, पण सबुरी भरपूर. माझे वेढे पुष्कळ. त्यामुळे दुकानाच्या काचेआड मी कितीही चकाकले तरी माझ्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे. सगळे शेजारच्या लाल मोटरीवर लट्टू. ती दिसायला होतीही झोकदार, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी एक पेंटर आणि त्यांची मुलगी दुकानात आले. पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे बारीक स्क्रू म्हणजे तिच्या हातचा मळ. दोघांना मिळून शर्यतीत उतरायचं होतं. ते गाडी चालवणार आणि ती गाडीची देखभाल करणार. गाडी चटकन ठरली. चारही चाकांना जोर पोचवणारी, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी टूरिंग कार. वाजलं ते मोटरीवरून.

"बाबा, ती लाल घ्या. सगळ्यात वेगवान आहे."

"आणि पहिल्याच वळणावर कडेच्या फळीत घालू? सरळ रस्त्यावर कुणीही पळवतं गं. आधी वळायला शिकू."

"तुम्ही ना, गोगलगायीलाही ब्रेक लावाल!"

"लावीन की. गोगलगाय पोचते तरी."

अशी मी त्या घरात आले. घरी पेंटरांनी गाडीचं कवच रंगवलं. हे कवच पारदर्शक असतं आणि रंग आतल्या बाजूने द्यावा लागतो, म्हणजे अक्षरं उलटी काढायची. भल्याभल्यांची इथे भंबेरी उडते. पेंटरांनी मात्र एका दमात, पट्टी न लावता, लेकीचं लाडकं नाव उलटं लिहिलं. बाहेरून पाहिलं तर अक्षर छापल्यासारखं. त्यांच्या हातांचा मला तेव्हापासून अभिमान वाटायचा.

शर्यती एका मोठ्या हॉलमध्ये व्हायच्या. जमिनीवर गालिचा, कडेने लाकडी फळ्या आणि एका टोकाला उंच मंच. त्या मंचावर उभं राहून सगळे आपापली गाडी चालवत. रिमोटचा चाप जितका दाबाल तितकी वीज माझ्यात येते. मित्रांनो, त्यामुळे धावताना मला माणूस दिसत नाही, पण त्याचं बोट कळतं. पेंटरांचं बोट काय वर्णावं! वळणाआधी अलगद सुटायचं आणि वळण संपता संपता हळूच रुतायचं. वेगवान मोटरींच्या गाड्या वळणावर वाहवत जायच्या आणि आम्ही आतल्या अंगाने निघून जायचो. लोक त्यांना 'वळणवाले काका' म्हणू लागले. शर्यत संपली की लेक माझ्यावर बोट टेकवून पाहायची. मोटर फार तापली तर बोट ठेववत नाही. मी कधी तिला चटका दिला नाही. "गार आहे माझी राणी," ती म्हणायची. माझे दिवस फार सुखाचे होते.

मग एका हंगामात काहीतरी बदललं. वीज माझ्यात तुटक येऊ लागली. आली, गेली, पुन्हा आली. आधी मला वाटलं, बॅटरीचं काही असेल. पण बॅटरी ठणठणीत होती. पुढची चाकं वळवणारं यंत्र माझ्या शेजारीच बसतं. तेही कुरकुरू लागलं, की वळायला सांगतात आणि लगेच नको म्हणतात. तेव्हा मला उमगलं. पेंटरांचा हात थरथरत होता.

हे सगळ्यांच्या आधी मला कळलं आणि नेमकं मलाच तोंड नव्हतं. नवं कवच आलं तेव्हा पेंटरांनी ते एकाच रंगात बुडवलं आणि वर बाजारातले तयार स्टिकर चिकटवले. "हल्ली हेच चालतं," ते म्हणाले. पाट्यांची कामंही ते परत पाठवू लागले.

गाडी मागे पडू लागली. एकदा लेक म्हणाली, "बाबा, वळणातून निघताना गाडी अडखळतेय. मोटर गेली वाटतं."

पेंटरांनी हात खिशात घातले. मग म्हणाले, "हो गं. मोटरच मंदावली. जुनी झाली ती."

चोर सोडून संन्याशाला सुळी! मला फार वाईट वाटलं. लेकीने मला उघडून पुसलं, वीज आत पोचवणारे माझे झिजलेले कार्बन बदलले, टेबलावर हळूहळू फिरवून पाहिलं. मी जीव ओतून गरगर फिरले. "टेबलावर तर छान फिरतेय ही," ती म्हणाली. "टेबलावरचं वेगळं," एवढंच बोलून पेंटर खिडकीपाशी गेले. आठवड्याभरात माझ्या जागी लाल मोटर बसली आणि मी हत्यारांच्या पेटीत गेले.

मोठ्या शर्यतीच्या दिवशी पेटीचं झाकण उघडं होतं. शिट्टी झाली. लाल मोटरीला थरथरतं बोट कसं सोसणार? ती उसळली आणि पहिल्याच वळणावर गाडी दुसऱ्या एका गाडीला घेऊन फळीवर आदळली. पुढचा भाग तुटून लोंबू लागला. लेक धावत गाडी घेऊन टेबलाशी आली. पेंटर मंचावरून उतरले.

"मी हे धरते, तुम्ही स्क्रू बसवा. लवकर, बाबा!"

पेंटरांनी स्क्रू उचलला. तो पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. लेक रागावून काही बोलणार होती, पण तिची नजर त्यांच्या बोटांवर गेली. तिने गाडी खाली ठेवली आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तिथेही तो थरथरतच राहिला.

"केव्हापासून?"

"वर्ष होत आलं."

"आणि मी मोटर बदलत बसले! मला का नाही सांगितलंत?"

पेंटर खाली बघत म्हणाले, "तू मोटरीला बोल लावत होतीस ना, तोवर मला काही झालं नव्हतं गं."

लेकीला रडू आवरेना. माझा सगळा राग तिथेच गळून पडला.

त्यानंतर डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. बिघाड हळूहळू वाढणाराच आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. पेंटरांनी रिमोट पुन्हा हातात घेतला नाही. पण लेकीने लाल मोटर काढून मला परत गाडीत बसवलं, रिमोट स्वतः घेतला आणि त्यांना मंचावर आपल्या शेजारी उभं केलं. हात खिशात घालून ते सांगत राहिले, "आता सोड... थांब... आता हळूच दाब." तिचं बोट वडिलांच्या शब्दाबरहुकूम चालत होतं. वीज माझ्यात सलग येऊ लागली. आम्ही पुन्हा आतल्या अंगाने निघू लागलो.

शेजारी उभा असलेला एक जण म्हणाला, "काका, मोटर सुधारली की तुमची!"

पेंटर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ती कधी बिघडलीच नव्हती."

मित्रांनो, एखादी वस्तू नीट चालेनाशी झाली तर तिला जरूर उघडून पाहा, पुसा, तिची काळजी घ्या. पण त्याआधी मान वर करून ती चालवणाऱ्या माणसाकडे एकदा बघा. पेंटरांच्या तोंडून ते वाक्य ऐकायला मी वर्षभर आसुसले होते. आणि ऐकलं तेव्हा वाटलं, मी खरोखरच बिघडले असते तर किती बरं झालं असतं. मला बदलता आलं असतं.